रानाची शाळा

रानात एकट्या माणसाने हाती फारसे साधन नसताना कसे जगावे, हे शिकवणारे तीन दिवसांचे शिबिर वाडा तालुक्यातील एका कातकरी पाड्याजवळ भरणार होते. आमच्या धर्मग्रामातील चौदा तरुण-तरुणींनी त्यासाठी नावे दिली. बरोबर कोणी वडीलधारे असावे, म्हणून पालकांनी माझे नाव सुचवले. पन्नाशी उलटलेल्या, मधुमेहाच्या गोळ्या खिशात बाळगणाऱ्या धर्मगुरूने जमिनीवर झोपावे आणि काटक्या घासून विस्तव करावा, ही कल्पना आमच्या स्वयंपाकीणबाईंना इतकी हास्यास्पद वाटली की त्यांनी माझ्या पिशवीत गुपचूप दोन काडेपेट्या टाकल्या. त्या न उघडताच परत आल्या, हे आधीच सांगून टाकतो. मात्र विस्तव मी पेटवला असा त्याचा अर्थ कोणी घेऊ नये.

अशी शिबिरे परदेशात अर्धशतकाहून अधिक काळ भरत आहेत. अमेरिकेतील लॅरी डीन ओल्सन यांचे या विषयावरील पुस्तक 1967 साली निघाले. युटा राज्यातील ब्रिघम यंग विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना वाळवंटात नेऊन त्यांनी तेथील मूळ रहिवाशांची जुनी कौशल्ये शिकवली. पुढे त्या धर्तीवर अनेक शाळा निघाल्या. आपल्याकडे हे वारे अलीकडे, गिर्यारोहकांच्या मार्फत आले. पण आपल्या आणि त्यांच्या स्थितीत एक मोठा फरक आहे. तिकडे बरेचसे ज्ञान विसरले गेले होते, ते पुस्तकांतून आणि संग्रहालयांतील वस्तूंवरून पुन्हा जुळवावे लागले. आपल्याकडे ते जाणणारी माणसे अजून हयात आहेत आणि मुंबईपासून काही तासांच्या अंतरावर राहतात.

आमचे शिक्षक तिघे होते. एक नाशिककडचा तरुण गिर्यारोहक. हे शास्त्र त्याने शिबिरे करून आणि अनेक वर्षे डोंगर पालथे घालून कमावले होते. दुसरे दोघे पाड्यावरचे वृद्ध कातकरी जोडपे. त्यांना सगळे बाबा आणि आजी म्हणत, आम्हीही तेच म्हणू लागलो. खैराच्या लाकडापासून कात काढणारे ते कातकरी किंवा काथोडी. तो धंदा हातचा गेला, तरी जमातीला नाव मात्र त्याचेच राहिले. कोलाम आणि माडिया गोंड यांच्याबरोबर कातकऱ्यांची गणना आज महाराष्ट्रातील अतिअसुरक्षित आदिम जमातींमध्ये होते. बाबांचे वय त्यांना स्वतःलाही नेमके ठाऊक नव्हते. कमरेला कोयता, अंगात शाळेच्या एका क्रीडास्पर्धेचा जुना बनियन आणि बोलणे अगदी मोजके.

पहिल्या दिवशी सकाळी तरुण प्रशिक्षकाने तीनचा नियम सांगितला. हवेशिवाय माणूस तीन मिनिटे जगतो, कडक थंडी-पावसात आडोशाशिवाय तीन तास, पाण्याशिवाय तीन दिवस आणि अन्नाशिवाय तीन आठवडे. हा ढोबळ नियम अशा सर्व शिबिरांत शिकवतात. मुलांनी तो वहीत उतरवून घेतला. मागे उकिडवे बसलेले बाबा लक्षपूर्वक ऐकत होते. त्यांनी विचारले, "आन् माणसाबिगर किती?"

सगळे हसले, प्रशिक्षकही हसला. बाबा मात्र हसले नाहीत. त्यांना खरोखरच उत्तर हवे होते.

मग विस्तवाचा धडा सुरू झाला. त्याला चार वस्तू लागतात : एक सपाट फळी, एक उभी काडी, ती फिरवण्यासाठी दोरी बांधलेले लहानसे धनुष्य आणि काडीचे वरचे टोक दाबून धरण्यासाठी खळगा असलेला दगड किंवा करवंटी. लाकूड कसे निवडावे? नखाने दाबले तर वळ उठेल इतके मऊ आणि मोडताना कट्कन आवाज येईल इतके सुके. धनुष्याच्या दोरीचा एक वेढा काडीला द्यायचा आणि करवतीसारखे पुढे-मागे करायचे. काडी फळीवर गरगर फिरते, भोक पडते, धूर येतो. फळीच्या कडेला आधीच एक खाच पाडलेली असते, तिच्यात काळी भुकटी साचते. सारे रहस्य त्या भुकटीत आहे. नवख्याला वाटते, धूर आला म्हणजे झाले. हात थांबवल्यावरही भुकटीतून धूर येत राहिला, तरच आत निखारा जन्माला आलेला असतो. तो मोहरीएवढा असतो. त्याला काथ्या आणि सुक्या गवताच्या घरट्यात हलकेच ठेवायचे आणि झोपलेल्या बाळाच्या तोंडावरची माशी उडवावी इतक्या हळुवारपणे फुंकायचे.

आमच्या मुलांनी दुपारपर्यंत पुष्कळ धूर काढला. हाताला फोड आले, दोऱ्या तुटल्या, फळ्या काळ्या झाल्या. व्यायामशाळेत कमावलेले दंड कामी आले नाहीत. पहिला निखारा निघाला तो एका किरकोळ अंगाच्या मुलीच्या हातून. ती परिचारिकेचे शिक्षण घेते. तिने जोर लावला नव्हता, एकच लय शेवटपर्यंत धरून ठेवली होती.

बाबांना विचारले, "तुम्ही विस्तव असाच करायचे का?" त्यांनी मान हलवली. घरातून एक बांबूचे नळकांडे आणले. त्यात सावरीचा थोडा करपवलेला कापूस होता, एक गारगोटी आणि जुन्या कानशीचा तुकडा. कापूस गारगोटीवर अंगठ्याने दाबून धरला आणि लोखंडाचा फटका मारला. तिसऱ्या ठिणगीला कापसाच्या कडेवर लाल ठिपका उमटला. चकमक हा शब्द आपण भांडणासाठी वापरतो, तिचे मूळ काम मी त्या दिवशी प्रथम पाहिले. यातही एक गंमत आहे. ठिणगी दगडातून निघते असे आपल्याला वाटते, पण कठीण गारगोटी पोलादाचा सूक्ष्म कण खरवडून काढते आणि तो तापलेला कण हवेत जळतो. म्हणजे जळते ते लोखंड.

मला गुरुविद्यालयातील उपासनाशास्त्राचे तास आठवले. ईस्टरच्या जागरणविधीचा नवा अग्नी चर्चबाहेर दगडातून काढावा, असे जुन्या लॅटिन मिस्साग्रंथात सांगितले होते. आजच्या विधीत अग्नी कसा पेटवावा याचे बंधन नाही आणि आपण सगळेच काडेपेटी वापरतो. काडेपेटी तरी किती जुनी? घासून पेटणारी काडी इंग्लंडमध्ये जॉन वॉकर याने 1826-27 च्या सुमारास तयार केली. आपल्या अंबरनाथला काड्यांचा मोठा कारखाना निघाला तो 1920 च्या दशकात. त्यापूर्वीची हजारो वर्षे विस्तव ही मिळवण्याची आणि त्याहूनही अधिक सांभाळण्याची वस्तू होती. आजी म्हणाल्या, त्यांच्या लहानपणी पाड्यात चूल विझली तर शेजारणीकडून निखारा आणत. चकमक झाडायची वेळ क्वचितच येई. निखारा कोणी नाकारत नसे, भांडण असले तरी.

दुसऱ्या दिवशी दोरी वळायची होती. आजींनी केवणीच्या फांद्या तोडून आणल्या. हिच्याच पीळदार शेंगांना आपण मुरुडशेंग म्हणतो आणि पोटदुखीवर बाळांना उगाळून देतो. फांदीची साल सोलून आतला पांढरा वाख वेगळा करायचा, त्याचे दोन पदर घ्यायचे, प्रत्येक पदराला उजवीकडे पीळ द्यायचा आणि दोन्ही पदर एकमेकांवर डावीकडे गुंडाळायचे. दोन्ही पीळ उलट दिशांचे असल्यामुळे सुटू पाहणारा एक पीळ दुसऱ्याला आवळतो. गाठ नाही, गोंद नाही, तरी दोरी टिकते. पदर संपत आला की नवा वाख त्यात मिसळायचा, मात्र दोन्ही पदरांचे जोड एकाच जागी येऊ द्यायचे नाहीत. नाहीतर दोरी तेथेच तुटते.

हे काम माझ्या हाताला जमले. लहानपणी वाडीत केळीच्या सुक्या सोपटांचे बंद करून पानवेली बांधल्या होत्या, ते बोटांना आठवत असावे. वळता वळता संत अंतोनी आठवले. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या संन्याशांच्या कथांमध्ये एक कथा अशी आहे की, अंतोनींचे मन एकांतात उदास झाले, तेव्हा त्यांना एक पुरुष दिसला. तो बसून दोरी वळत होता, मग उठून प्रार्थना करीत होता, पुन्हा बसून दोरी वळत होता. तो देवदूत होता आणि अंतोनींना वाट सापडली. वर्गात ही कथा मी कितीतरी वेळा सांगितली आहे. दोरी वळताना मन कसे शांत होते, हे मात्र केवणीच्या वाखाने सांगितले. त्या संन्याशांबद्दल आणखी एक गोष्ट आपण विसरतो. ते आपल्या दोऱ्या आणि टोपल्या विकत आणि त्या पैशांतून भाकरी घेत. वाळवंटातला माणूसही बाजाराशी आणि शेजाऱ्याशी बांधलेला होता.

दुपारी आजींनी आम्हांला कडू कांद्याच्या शोधात नेले. पावसाळ्यानंतर त्याची वेल पिवळी पडून सुकते, मग जमिनीतला कंद कोठे आहे हे ती सुकी वेलच सांगते. आजी प्रत्येक वेलीपाशी थांबून तिचा पीळ कोणत्या हाताला आहे ते पाहत. काही कंदांच्या वेली उजवीकडे वळतात, काहींच्या डावीकडे. चुकीचा कंद पोटात गेला तर जिवावर बेतते. हा कंदही तसाच खाल्ला तर विषारीच असतो. त्याच्या पातळ चकत्या करून राखेबरोबर उकडाव्या लागतात आणि मग बांबूच्या टोपलीत भरून वाहत्या ओहोळात रात्रभर ठेवाव्या लागतात. सकाळी आजींनी चव घेतली, तोंड वाकडे केले आणि टोपली पुन्हा पाण्यात सोडली. दुपारी त्या चकत्या आम्ही मिठाबरोबर खाल्ल्या. किंचित कडवट, पण पोटभर. हे वाचून कोणी घरी प्रयोग करू नये. आजींची जीभ आपल्यापाशी नाही.

मी त्या ओहोळाच्या काठी बराच वेळ बसलो होतो. राख, उकळी आणि वाहते पाणी हा क्रम कोणी शोधला असेल? किती पिढ्यांनी चाखून, ओकून, आजारी पडून तो ठरवला असेल? हे ज्ञान एकट्या माणसाला एका आयुष्यात मिळवता आलेच नसते. त्याने पहिल्याच चुकीत प्राण गमावले असते. आजींनी आणखी एक गोष्ट केली. कंद काढल्यावर त्याचा वेलीजवळचा शेंडा कोयत्याने कापून पुन्हा खड्ड्यात ठेवला आणि माती लोटली. एका मुलाने विचारले, "आजी, हा कशाला?" त्या म्हणाल्या, "मागून येईल त्याला."

पाण्याचा धडाही असाच होता. ओहोळाच्या वाळूत हातभर खड्डा उकरला तर बाजूने पाणी झिरपते. पहिले गढूळ पाणी उपसून टाकायचे आणि मग थांबायचे. तरीही गाळ राहिला तर निवळीचे बी मडक्याच्या आतल्या बाजूला उगाळायचे. काही वेळात गाळ तळाशी बसतो. पाणी निवळते म्हणताना आपण या झाडाचे नाव घेतो, हे आमच्यापैकी कोणाला ठाऊक नव्हते. प्रशिक्षकाने येथे आवर्जून सांगितले की, नितळ पाणी म्हणजे निर्धोक पाणी नव्हे, ते उकळलेच पाहिजे. बाबांनी त्याला दुजोरा दिला. जुने ज्ञान आणि नवे ज्ञान एकाच चुलीवर बसले, याचे मला समाधान वाटले.

या साऱ्या वेळात बाबांचा चौथीतला नातू आमच्या मागे मागे असे. त्याच्याजवळ शाळेची एक वही होती. आजी झाडाचे नाव सांगत, आमची मुले ते मोबाइलमध्ये टिपत. ते पाहून तोही वहीत लिहू लागला. ही नावे त्याला तोंडपाठ होती, पण ती लिहिण्याजोगी असतात हे त्याला बहुधा त्याच दिवशी कळले.

शेवटच्या रात्री शेकोटीभोवती बसलो असताना बाबांनी मला विचारले, "फादर, तुमी ह्ये शिकून काय करनार?"

मी म्हणालो, "माणसाला कशाकशाचा आधार लागतो, ते कळावे म्हणून शिकलो." उत्तर बरे होते, पण पुरेसे नव्हते. मी उलट विचारले, "बाबा, तुम्हांला तर हे सारे येते. तुम्हांला कशाची चिंता?"

ते थोडे थांबले. मग सांगू लागले. आठ दिवसांनी सारे कुटुंब वीटभट्टीवर जाणार होते. पावसाळ्यातच घरात आजारपण निघाले, तेव्हा भट्टीमालकाकडून उचल घेतली होती. ती फेडायला पाऊस सुरू होईपर्यंत विटा थापायच्या. मुलगा, सून, नातू, सगळे जाणार. दर वर्षी असेच. मागच्या हंगामात उचल फिटली नाही, ती या वर्षावर आली.

आमची मुले गप्प झाली. तीन दिवस ज्यांना आम्ही स्वावलंबनाचे मूर्तिमंत रूप समजत होतो, ते आठ दिवसांनी दुसऱ्याच्या मातीत कर्जासाठी राबणार होते. विस्तव, पाणी, अन्न आणि निवारा ज्याला शून्यातून उभे करता येतो, त्याला जगता का येऊ नये? कारण त्या शून्यालाही जमीन लागते. केवण उगवायला रान लागते, कंद खणायला हक्क लागतो. 1878 च्या वन कायद्याने सरकारने राखीव जंगले आखली आणि पिढ्यान्‌पिढ्या तेथे वावरणारी माणसे आपल्याच रानात परकी ठरली. 2006 च्या वनहक्क कायद्याने वनजमीन कसण्याचा आणि गौण वनोपज गोळा करण्याचा त्यांचा हक्क मान्य केला खरा, पण तो सिद्ध करायला कागद लागतात. बाबांचा दावा दाखल आहे, निकाल नाही. त्यांना प्रत्येक वेलीचा पीळ वाचता येतो, पावती वाचता येत नाही.

'माणसाबिगर किती?' या प्रश्नाचा अर्थ मला तेव्हा उमगू लागला. आम्ही एकट्याने जगण्याची विद्या शिकायला गेलो होतो आणि तेथे एकट्याची अशी एकही विद्या नव्हती. निखारा शेजारणीचा, कंदाची कृती पूर्वजांची, शेंडा मागून येणाऱ्याचा. ही साखळी जेथे तुटते, तेथे सर्वांत कुशल माणूसही असहाय होतो. वसईच्या आपल्या वाड्यांनाही हे नवे नाही. विहिरी, बावखले आणि पानवेली सांभाळणारे हात कमी झाले, तसतसे आपणही टँकरची वाट पाहू लागलो. आणि आपल्या इमारतींच्या विटा कोठून येतात? त्या थापणारे हात मी आता ओळखतो.

शिबिरानंतर मुलांनी एक चांगले काम केले. परिचारिका होऊ घातलेली ती मुलगी आणि तिचा वकिलीचे शिक्षण घेणारा भाऊ वाड्याला जाऊन बाबांच्या दाव्याचे कागद पाहून आले. एक जोडपत्र अपुरे होते, ते भरले. त्यातून काय निघेल ते काळ ठरवील.

प्रायश्चित्तकाळाच्या तिसऱ्या आठवड्यात मी त्या वीटभट्टीवर गेलो. आमच्या धर्मग्रामापासून ती तासाभराच्या अंतरावर आहे. कच्च्या विटांच्या रांगा, गवताने शाकारलेल्या बुटक्या झोपड्या आणि सगळीकडे लाल धूळ. आजींनी बसायला पोते अंथरले आणि कोरा चहा केला. झोपडीच्या वाशाला धाकट्या नातीची झोळी टांगली होती. तिची दोरी पांढुरकी आणि बारीक होती. मी निरखून पाहतो आहे असे पाहून नातू म्हणाला, "रुईची हाय. मीच वळली." भट्टीच्या कडेला दुसरे काही उगवत नव्हते. रुईचा वाख फार चिवट असतो, मात्र तिचा चीक डोळ्यांत जाऊ द्यायचा नाही, हे आजींनी त्याला बजावले होते. त्याने वही दाखवली. नावे 43 झाली होती, शेवटची तीन भट्टीवरची : रुई, धोतरा, एरंड. हंगाम संपेपर्यंत त्याची शाळा बंदच. भट्टीजवळच्या शाळेत त्याला बसू द्यावे म्हणून मी मुख्याध्यापकांना भेटलो. त्यांनी होकार दिला आहे. रोजची ने-आण हा प्रश्न आहे, तो आमच्या युवक मंडळाने अंगावर घेतला आहे.

निघताना मी बाबांना सांगितले की, येत्या पवित्र शनिवारी रात्री आम्ही चर्चच्या अंगणात नवा अग्नी पेटवणार आहोत. या वर्षी तो चकमकीने पेटवावा असे मुलांच्या मनात आहे, तेव्हा तुम्ही या. बाबांनी भट्टीकडे पाहिले. त्या सुमारास नवी रास पेटवायची होती आणि रास पेटली की रात्रंदिवस तिच्यापाशी थांबावे लागते.

"मला नाय जमायचं," ते म्हणाले. मग बांबूचे ते नळकांडे झोपडीतून आणून माझ्या हातात दिले. "रात्री दव पडतं. कापूस कोरडा ठेवा."